पट्टीवर चढत गेलेलं तेल

माझ्या ताईचा दीर मला आवडत नाही. बारा-तेरा वर्षं झाली, अजून आवडत नाही, आणि यात खंड पडू नये म्हणून आम्ही दोघंही मनापासून कष्ट घेतो. तो कोलशेतच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सचा सुपरवायझर आहे. माझं कल्याणला, बाजारपेठेच्या अंगाला, इंजिन ऑइल आणि फिल्टरचं दुकान आहे. म्हणजे तो जे यंत्रात ओततो, तेच मी डब्यात भरून विकतो. एकाच देवाचे दोन पुजारी. आता पटणार कसं?

सोयरीक असल्यामुळे आमचं भांडण अहो-जाहोत चालतं. "पाहुणे, तुमच्या डोक्याला गंज चढलाय, जरा ग्रीस मारून घ्या," असं तो भर पंगतीत म्हणतो आणि त्याच दमात "भात घ्या अजून" असंही म्हणतो. मीही म्हणतो, "तुमच्यासारखे सुपरवायझर असल्यावर कारखाना बंद पडायला संप कशाला हवा?" आणि भात घेतो. भातावर राग काढायचा नाही. तो ताईच्या शेतातला असतो.

ताईचं शेत खडवलीला. मेहुणे गेल्यावर सगळ्यांना वाटलं, आता ती ट्रॅक्टर विकणार. ट्रॅक्टर तरी कसला! तीन सिलिंडरचा, ताईच्या लग्नाच्याही आधीचा. कोणे एके काळी निळा होता म्हणतात. आता त्याचा रंग विचारला तर लहान मूलसुद्धा गोंधळेल. पण ताईने दोन महिन्यांत तो चालवायला शिकून घेतला. साडीवर मेहुण्यांचा फुल शर्ट, डोक्याला टॉवेल, आणि बाई चिखलात. स्वतःच्या शेताची चिखलणी तर तिने केलीच, वर आजूबाजूच्या आठ-नऊ घरांची करायला लागली. भातलावणीच्या आधी पाणी भरलेलं शेत ट्रॅक्टरने फिरवून त्याचा लोण्यासारखा चिखल करायचा, ते हे काम.

शेतात दिराचाही निम्मा वाटा. त्याच्या मनात एक दुसरीच गोष्ट होती. कुणीतरी ती जमीन दीर्घ मुदतीने भाड्याने घेऊन तिथे रिसॉर्ट काढणार होता. पोहायचा टँक, झोपाळे, शनिवार-रविवार मोठ्या आवाजात गाणी, आणि भाताच्या जागी हिरवं प्लास्टिकचं गवत. ताई नको म्हणाली. मेहुण्यांच्या वर्षश्राद्धाला जेवणं उरकल्यावर हा विषय पुन्हा निघाला, आणि दिराने सगळ्यांसमोर आपली मोठी उदार अट मांडली.

"वहिनी, हे इंजिन चालेल तोवर तुम्ही शेत करा. मी तोंडातून शब्द काढणार नाही. पण इंजिन बसलं, की परत त्यात जीव ओतायचा नाही. ट्रॅक्टर विकायचा आणि जमीन द्यायची."

त्याचा हिशेब उघड होता. त्या इंजिनाकडे बघून कुणीही एक पावसाळा दिला असता, फार तर दीड.

"बरं," ताई म्हणाली. मीठ वाढू का विचारल्यावर म्हणावं तसं.

त्या दिवसापासून ते इंजिन आमच्या घरातलं सगळ्यात लाडकं आजारी माणूस झालं. ते चालतंय तोवर ताई शेतकरी. ते बसलं की ताई रिसॉर्टच्या कुंपणाबाहेर राहणारी बाई. आणि इंजिनाचं आयुष्य कशावर? तेलावर. म्हणजे माझ्यावर! मला तर रणशिंग वाजल्यासारखंच झालं.

पुढे जाण्याआधी त्या भागातली एक रीत सांगतो, कारण तिनेच आमचा घात केला. तिथे ज्याच्या शेतात ट्रॅक्टर जातो, त्याने परत पाठवताना ऑइलची पट्टी भरून द्यायची. पट्टी म्हणजे इंजिनात बुडवून ठेवलेली लोखंडाची बारीक पाती. ती ओढून काढली की तेल किती आहे ते दिसतं. तिच्यावर दोन खुणा असतात. तेल वरच्या खुणेला टेकलेलं पाहिजे. भाडं ते वेगळं. पण पट्टी कमी ठेवून ट्रॅक्टर परत करणं म्हणजे शेजारणीची वाटी रिकामी परत करणं. असं करणाऱ्या घराकडे गाव वर्षभर बघतं.

रीत सुंदर. तेल भयंकर. कारण वाटीत प्रत्येक जण आपापल्या घरचं घालायचा. एकाची रिक्षा होती, तो रिक्षाचं ऑइल घालायचा. एकाचा भाऊ ट्रकवर, तो ट्रकचं. एका घरात बिनलेबलच्या बाटलीत काहीतरी लालसर होतं, ते कुठल्याशा कंपनीच्या कंप्रेसरमधून आलेलं. खूण गाठली की सगळे खूश. आत इंजिनाच्या पोटात जी खिचडी शिजत होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पट्टी भरलेली आहे ना? मग तेल बदलायचं कशाला? मेहुणे गेल्यापासून ते एकदाही पूर्ण बदललेलं नव्हतं.

यंदा मे महिन्यात मी जाहीर केलं की जुनं सगळं काढणार आणि नवं भरणार. दीर रविवारची सुट्टी घालवून आला. म्हणाला, "पोस्टमॉर्टेमला साक्षीदार नको का?"

इंजिन आधी चालवून गरम केलं, म्हणजे तेल पातळ होऊन नीट उतरतं. मग खालच्या चेंबरचा नट सोडला. जे बाहेर आलं त्याला तेल म्हणणं म्हणजे डांबराचा अपमान. काळं, मध्येच हिरवट झाक, आणि शेवटी शेवटी गाळाचे गोळे टपटप पडले. ताईने नाकाला पदर लावला.

"हे तुमच्या भाऊबंदांनी भरलेलं," मी म्हटलं.

"आणि तुमच्या दुकानातून घेतलेलं," तो म्हणाला.

"माझ्या दुकानात बिनलेबलची बाटली मिळत नाही, पाहुणे. ती कारखान्यातून बाहेर पडते. गेटवर कोण असतं बघायला? सुपरवायझर!"

इथवर नुसती सलामी होती. खरी लढाई पडवीत झाली. त्याने पिशवीतून एक रुपेरी डबा काढून जमिनीवर ठेवला, मी माझा ठेवला. ताई मध्ये पाटावर बसून वालाच्या शेंगा सोलत होती.

त्याचा डबा महागडा. पूर्ण सिंथेटिक, पाण्यासारखं पातळ, आत्ताच्या नव्या गाड्यांत घालतात ते. "हे उणे पंचवीस डिग्रीलासुद्धा वाहतं," तो म्हणाला.

"खडवलीत उणे पंचवीस शेवटचं कधी झालेलं?"

"मुद्दा घर्षणाचा आहे. लो व्हिस्कॉसिटी, कमी ड्रॅग, फ्युएल इकॉनॉमी."

"मुद्दा म्हातारपणाचा आहे," मी उभाच राहिलो. बसून मला बोलता येत नाही. "या इंजिनाचे सांधे झिजलेत. नव्या इंजिनात दोन लोखंडांमध्ये केसाएवढी फट असते, यात बोट जाईल! तुमचं पातळ तेल त्या फटीतून पळून जाणार. गरम झालं की प्रेशरचा काटा खाली, सीलांतून गळती, आणि धुरांड्यातून निळा धूर. अर्थात, तुम्हाला तेच पाहिजे असेल तर बोला."

"म्हणजे?"

"म्हणजे इंजिन बसावं असं कुणाला वाटतं, ते गावाला माहीत आहे."

पडवीत शेंगांचा आवाजसुद्धा थांबला. तो लाल झाला. मी भलताच खूश. असा वार वर्षातून एखाददा बसतो.

"तुझं काय आहे त्यात?" ताईने मला विचारलं.

मी सांगितलं. ट्वेंटी-फॉर्टी, डिझेल इंजिनसाठीचं. पुढचा आकडा थंडपणीचा, मागचा गरमपणीचा. सकाळी सुरू करताना झटकन वरपर्यंत पोचेल इतपत पातळ, आणि चिखलात दोन तास तापल्यावरही अंगात दाटपणा टिकवून धरेल इतपत जाड. जुन्या माणसांचं नुसतं चाळीस नंबर एकदम जाड असतं, ते सकाळी वर चढायलाच वेळ लावतं आणि तेवढ्या वेळात कोरडं लोखंड घासतं. मधला रस्ता हा.

"आणि गाळ?" दीर म्हणाला. "नव्या तेलात साफ करायचं औषध असतं. इतक्या वर्षांचा मळ सुटेल, जाळीत अडकेल, तेल वर जाणंच बंद होईल. दुकानदाराला डबा खपल्याशी मतलब."

मुद्दा बरोबर होता, म्हणून जास्त चीड आली. पण मी तयारीत होतो. थोडे दिवस चालवून तेल आणि फिल्टर पुन्हा बदलायचे, मग पावसाळ्यासाठी कायमचं भरायचं, हे मी आधीच ठरवलेलं. तसं सांगितलं.

ताईने दोघांना एकच प्रश्न विचारला. "इंजिन तापल्यावर काटा वर कुणाच्या तेलाने राहील?"

दिराने उत्तर दिलं, पण निम्मं इंग्रजीत. मी म्हटलं, "माझ्या." तिने शेंगांचं सूप उचललं आणि माझ्या डब्याकडे मान हलवून आत गेली.

विजय! मी रुपेरी डबा दिराच्या हातात परत देताना इतका वाकलो की कंबर धरली. तेल भरलं, पंधरा दिवसांनी पुन्हा काढलं, फिल्टर बदलला, पुन्हा भरलं. काटा मस्त उभा राहायचा. आणि रीतीचा बंदोबस्तही मी केला. त्याच तेलाचा पाच लिटरचा सीलबंद डबा ताईच्या पडवीत ठेवला आणि सगळ्या घरांत जाऊन सांगून आलो की पट्टी भरायची ती याच डब्यातून. दुसरं काही घातलंत तर ट्रॅक्टर पुढच्या वर्षी येणार नाही. लोकांनी माना डोलावल्या. फुकटात रीत पाळायला मिळत होती, कोण नाही म्हणेल?

जुलै लागला. ट्रॅक्टर या शेतातून त्या शेतात. संध्याकाळी ताई पट्टी पुसून, बुडवून, फोटो काढून मला पाठवायची. पहिल्या आठवड्यात तेल खुणेला टेकलेलं. दुसऱ्या आठवड्यात टेकलेलं. जुनं इंजिन थोडंफार तेल पितंच, पण हे थेंबभरही पीत नव्हतं! मला आनंद आवरेना. मी रोजचा फोटो दिराला पुढे पाठवायला लागलो. खाली एक ओळ माझी. 'निर्जळी उपवास चालू आहे.' 'आजही एक थेंब नाही.' 'पातळ तेलवाल्यांनी दर्शन घ्यावं.' तो काही लिहायचा नाही. नुसत्या दोन निळ्या खुणा उमटायच्या. त्या निळ्या खुणा बघून मी दुकानात एकटाच हसायचो.

मग एका सकाळी ताईचा फोन आला. "अरे, पट्टीवर तेल खुणेच्या वर आलंय."

"वर?"

"चांगलं बोटभर."

"कुणीतरी हात सैल सोडला असेल. रीत आहे ना तुमच्याकडे!"

तिने विचारून बघितलं. एका घराने छाती काढून सांगितलं, आम्ही भरलं. दुसरं घर म्हणालं, तेही आम्हीच. तिसऱ्या घरातली म्हातारी तर चिडलीच, "आमीच भरला, आनि नाव दुसऱ्याचा करतंय व्हय?" पट्टी भरून देण्याचा मान कुणाला नको असतो? मी म्हटलं, बघ, आदर्श गाव.

"आणि काटा जरा खाली असतो दोन दिवस," ताई म्हणाली.

"गरम झाल्यावर तेल थोडं पातळ होतंच, ताई."

"तू म्हणालेलास तुझं होत नाही."

"थोडं होतं."

दुकानदाराचं हे 'थोडं' फार जुनं आहे. आम्ही त्याच्यावर पिढ्या पोसल्यात.

मी फोटो दिराला पाठवला. खाली लिहिलं, 'आता तर वाढायला लागलं. दुभती म्हैस!'

मिनिटाभरात फोन वाजला. तो. त्याने मला याआधी फोन केल्याचं आठवत नव्हतं.

"तो पाच लिटरचा डबा किती संपला?"

"संपतोय कशाला? परवा मी स्वतः बघितलाय. सीलसुद्धा फोडलेलं नाही. याला म्हणतात तेल!"

मागे कारखान्याची कसलीशी घरघर.

"सील फोडलेलं नाही. मग वर काय आलं?"

"काय आलं म्हणजे? तुमच्या पोटात दुखतंय, पाहुणे."

"ट्रॅक्टर बंद करायला सांग. आत्ता."

तेरा वर्षांत पहिल्यांदा तो मला 'सांगा' म्हणाला नाही. माझं डोकं तिथेच फुटलं. ऐन आवणीत, लावणीच्या गर्दीत, अजून तीन घरांची शेतं बाकी, रोपं उपटून पेंढ्या बांधून ठेवलेल्या, आणि हा म्हणतो ट्रॅक्टर बंद करा! डाव एवढा उघडा? "तुमचा रिसॉर्टवाला फार घाई करतोय वाटतं," असं म्हणून मी फोन ठेवला आणि ताईला लावला. "दिराचा फोन आला तर उचलू नको. आणि समोर आला तरी थांबू नको. चालव तू."

ही माझी चूक. लपवत नाही. मी तेलाच्या धंद्यात पंचवीसेक वर्षं काढलेला माणूस, आणि मला समोर आलेला साधा हिशेब दिसला नाही, कारण तो त्या माणसाच्या तोंडून आला होता.

दिसला तो तासाभराने. एक गिऱ्हाईक आलं, त्याने सुटं ऑइल मागितलं. मी नवा डबा पुढे ओढला आणि झाकण पिळलं. सीलची प्लास्टिकची कडी कट्ट करून तुटली. ती तुटलेली कडी हातात धरून मी तसाच उभा. भरायचं ते फक्त त्या डब्यातून. डबा फुटलेला नाही. म्हणजे कुणीच काही भरलेलं नाही. तिन्ही घरं खोटं बोलली. मग इंजिनात बोटभर वाढलं ते काय?

गिऱ्हाईक म्हणालं, "शेठ, ओतता ना?"

मी ताईला फोन लावला. वाजत राहिला. चिखलणीच्या वेळी तिचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत पडवीच्या खुंटीला असतो, हे मला माहीत होतं. मी गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर काढलं, शटर निम्मं ओढलं आणि स्कूटर काढली. कल्याण ते खडवली मी इतक्या शिव्या घालत कधी गेलेलो नाही. निम्म्या खड्ड्यांना होत्या, निम्म्या मला.

शेतावर पोचलो तर रस्त्याच्या कडेला कोलशेतची मोटारसायकल आधीच उभी. आणि समोरचं दृश्य असं की वेळ तसली नसती तर मी तिकीट काढून बघितलं असतं. दीर कारखान्याच्या निळ्या पँटीत गुडघाभर चिखलात, दोन्ही हात हलवत, ओरडत ट्रॅक्टरच्या मागे. आणि ताई? ताईने त्याला बघितलं होतं. बघून, माझा हुकूम मानून, स्टिअरिंग फिरवून ती सरळ दुसऱ्या टोकाला निघाली होती. तो उजवीकडून गेला की ती डावीकडे वळायची. बांधावर दोन बायका रोपांच्या पेंढ्या घेऊन थांबलेल्या, त्या हसून वाकड्या झालेल्या.

"ताई! बंद कर! बंद कर!" मी कोरड्या चपलांसकट शेतात उतरलो.

ती माझ्यासाठी थांबली. इंजिन बंद झालं. त्या शांततेत दिराने माझ्याकडे जे बघितलं, ते मी जपून ठेवलं आहे.

त्याने गरम इंजिनावरची पट्टी ओढून काढली आणि आडवी धरली. जाड तेलाचा थेंब पट्टीच्या टोकाला लोंबतो, विचार करतो, मग पडतो. हा थेंब लोंबलाच नाही. पाण्यासारखा सटकला. त्याच्या मागून दुसरा, तिसरा. मग त्याने पट्टी माझ्या नाकाखाली आणली.

"कसला वास येतो, दुकानदार?"

मी मान फिरवली.

"वहिनींना ऐकू दे. कसला?"

"डिझेलचा."

"मोठ्याने."

"डिझेलचा!"

बांधावरच्या बायकांनीही ऐकलं.

घडलं होतं ते इतकं साधं. टाकीतून डिझेल पुढे ढकलणारा एक छोटा पंप इंजिनाच्या अंगाला बसवलेला असतो. त्याच्या आत रबराचा पातळ पडदा असतो. तो फाटला होता. फटीतून डिझेल थेंब थेंब इंजिनाच्या पोटात, तेलात उतरत होतं. म्हणून तेल कमी होत नव्हतं. म्हणून वाढत होतं. माझी दुभती म्हैस पाणी घातलेलं दूध देत होती. रोज पातळ होत जाणाऱ्या त्या मिश्रणाच्या आधारावर झिजलेलं लोखंड लोखंडावर फिरत होतं, आणि काटा रोज खाली जाऊन तेच सांगत होता. आणि मी फोटो पाठवत होतो.

"अजून किती चाललं असतं?" ताईने विचारलं. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"संध्याकाळपर्यंतही नाही," दीर म्हणाला. "बेअरिंग धरलं असतं, इंजिन जागीच जाम. मग संपलं."

ताई स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मग मला जे विचारायचं होतं ते विचारलंच. "तुम्हाला तर ते बसायला हवं होतं. तुम्ही का आलात?"

"मला ट्रॅक्टर विकायचाय," तो पँट पिळत म्हणाला. "खून नाही करायचा. तुमच्या मूर्खपणाने इंजिन मेलं असतं आणि गाव म्हणालं असतं दिराने मारलं. तुमच्या पापाला माझं नाव लागू देईन होय?"

मी त्याच्या या उत्तरावर अजूनही संशय घेतो. माझ्या मते त्याला मला तसं उभं करायचंच होतं, चिखलात, नाकाखाली पट्टी धरून. त्यासाठी त्याने अर्धा दिवस पगारावर पाणी सोडलं. मीही सोडलं असतं.

पुढचे दोन तास मी त्याचा हेल्पर होतो. पडदा बदलायचा संच कल्याणला माझ्याच ओळखीच्या दुकानात मिळणार होता, तो आणायला त्याने मला पिटाळलं. "रबर चांगलं बघा. वास घेऊन बघा. तुमचं नाक आता तयार झालंय." मी आणला. त्याने पंप सोडला, फाटका पडदा बोटावर ताणून उजेडात धरला आणि माझ्या शर्टाच्या खिशात घातला. "दुकानात फ्रेम करून लावा." पाना द्या, म्हणे. धरा, म्हणे. असा धरतात का, म्हणे. मी दिला, धरला, ऐकलं. दुसऱ्या कुणी इतकं बोललं असतं तर मी तो पाना परत दिला नसता.

चेंबर रिकामा केला. फिल्टर नवा. ताईने पडवीतला तो पाच लिटरचा डबा उचलून आणला, सील न फुटलेला, आणि आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला.

"आता कुठलं भरायचं?" ती म्हणाली. "बोला, एकदाच."

मी तोंड उघडलं नाही. माझ्या आयुष्यात तसे प्रसंग थोडे.

दिराने डबा फिरवून मागचं लेबल वाचलं. सावकाश, चष्मा कपाळावर चढवून. "हेच भरा. तेलात खोट नव्हती," तो म्हणाला. "डबा चांगला आहे. विकणारा तेवढा बदला."

कडी कट्ट करून तुटली. तेल भरलं, थोडं थांबून पट्टी बघितली, त्याने एकदा, मग मी एकदा, कारण त्याचा माझ्यावर विश्वास नव्हता आणि माझा त्याच्यावर. ताईने किल्ली फिरवली. दोन उचक्या, काळा धूर, आणि इंजिन लागलं. आम्ही तिघंही काट्याकडे बघत होतो. काटा थोडा थरथरला, मग वर चढला आणि तिथेच राहिला. अर्ध्या तासाने, तापल्यावरही तिथेच.

"बेअरिंगला धक्का लागला असेल तर उद्या कळेल," दीर म्हणाला. "आवाजावरून."

म्हणून दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, रजा टाकून. मीही गेलो, दुकान बंद ठेवून. तो येतोय म्हटल्यावर मी न जाऊन चालणार होतं? ताईने राहिलेलं शेत सकाळीच धरलं होतं. आम्ही दोघं बांधावर हातभर अंतर ठेवून उभे राहिलो आणि कान लावले. खट्‌कन आवाज आला की तो माझ्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे. तो आवाज मागच्या लोखंडी चाकाचा निघायचा. इंजिन आपलं एका सुरात चालत होतं. एक फेरी, दुसरी, दहावी. पाणी आणि माती एकजीव होत गेली.

बाराच्या सुमारास ताई पाणी प्यायला थांबली. दीर पुढे झाला. "वहिनी, माझा शब्द होता तसाच आहे. इंजिन बसलं की विषय संपला."

"हो ना, भाऊजी," ताई म्हणाली. "बसलं की."

तिने तोंड पुसलं आणि गियर टाकला.

"ऐकलंत?" मी त्याला म्हटलं. "तुमच्याच हाताने पाच वर्षं वाढवून दिलीत."

"तुम्ही लांब राहिलात तर दहा."

यावर मला एक फार सुंदर उत्तर सुचलं होतं. पण ट्रॅक्टर शेताचं टोक गाठून सरळ आमच्यावरच येत होता. ताईने एक हात सोडून आम्हाला माशा हाकलाव्यात तसं हाकललं.

"बाजूला व्हा दोघं! मला वळायचंय!"

बांध अरुंद होता. मागे ओढा, पुढे चिखल. आम्ही दोघंही चिखलात उतरलो, पोटरीपर्यंत. तो घसरला, तरी मी हात दिला नाही. मी घसरलो, तेव्हा त्यानेही दिला नाही.